पुण्याकडे उडालेला किडा

माझी बायको भागिरथा अंगणवाडी सेविका होती. किन्हीराजाजवळच्या आमच्या गावात तिनं सव्वीस वर्षं लेकरं सांभाळली. तिला जाऊन आज वर्ष झालं. या वर्षात मी एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. आज ती माझ्या मुलाला, संघदीपला, सांगायचीच असं ठरवलं होतं. त्याची आई वेळेवर दवाखान्यात गेली नाही ती माझ्या खोट्या बोलण्यामुळं, एवढीच ती गोष्ट.

सकाळी अंगणवाडीत कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, दोन-चार जण बोलले. मग मदतनीस तुळसाबाईनं लेकरांना पुढं आणलं. तिनं त्यांच्याकडून फुग्यांचे किडे करून घेतले होते. तो भागिरथाचाच खेळ. लाल फुगा फुगवायचा, त्याला काळ्या टिकल्या चिकटवायच्या, पुढं काळ्या कागदाचं तोंड आणि दोन मिशा. करडईवर मावा पडला की त्याच्या मागं लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा जो बारका किडा येतो, तो हा. कृषी सहायक त्याला ढालकिडा म्हणतो. भागिरथाच्या माहेरी, शिरपूरकडं, त्याला पाहुणी म्हणत. पाहुणीला बोटावर घ्यायचं, बोट वर करायचं, आणि ती ज्या दिशेला उडेल त्या दिशेनं घरी माणूस येणार.

"आपल्यात असलं चालत नाही," मी म्हणायचो. "तू लेकरायले शिकवणारी बाई, अन् असं सांगतं?"

"आपल्यात काय चालते ते त्या किड्याले कोण सांगन? तुमी सांगा," ती म्हणायची.

फुग्याला ती गाठ मारू द्यायची नाही. लेकरानं तोंड चिमटीत धरायचं आणि सोडून द्यायचं. फुगा फुर्र करत खोलीभर फिरायचा आणि ज्याच्या अंगावर पडेल त्याच्या घरी पाहुणा. खाली गळालेल्या टिकल्या पोरी कपाळाला लावून घरी जायच्या.

आज एका झिपऱ्या पोरीनं फुगा सोडला तो भिंतीला धडकला, वर गेला आणि थेट संघदीपच्या मांडीवर येऊन पडला.

"पाहुणा आला! पाहुणा आला!" लेकरं ओरडली.

"लेकरायले बी समजते," तुळसाबाई म्हणाली. "वर्सातून एकदा तोंड दाखवते तो पाहुणाच, नाई का रे संघदीप?"

सगळे हसले. तोही हसला. मला त्याच्याकडं बघवलं नाही.

संघदीप पुण्याला कंपनीत आहे. तो पोलीस व्हावा असं माझ्या मनात होतं. वर्षभर पहाटे मी त्याला रस्त्यावर पळवलं. मी सायकलवर, तो पुढं. भरतीच्या दिवशी वाशीमला जायचं सोडून तो पुण्याच्या गाडीत बसला. मी बसथांब्यावर गेलो आणि चार माणसांसमोर म्हणालो, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको. त्यानं तो शब्द पाळला. दोन वर्षं मी घरात त्याचं नाव घेतलं नाही. भागिरथा त्याच्याशी फोनवर बोलायची, ती मी आंघोळीला गेलो की.

मागच्या जानेवारीत तिला ताप आला. मग दम लागायला लागला. मालेगावच्या डॉक्टरनं सांगितलं, अकोल्याला न्या, आजच न्या. ती म्हणाली, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी सांगायला निघालो तर म्हणाली, "आधी करडईतून एक पाहुणी आणा. पोरगं येते का नाई ते पाहू द्या मले."

मी वावरात गेलो. थंडी होती. पानाच्या बेचक्यात एक किडा सापडला, तो माचिसच्या डबीत घातला. घरी येऊन तिच्या खाटेजवळ डबी उघडली तर तो उलटा पडलेला, पाय आखडलेले. फुंकर घातली, हलला नाही.

"दारात जा," ती म्हणाली. "तिथं उजेड हाय. बोटावर घ्या अन् मले सांगा."

मी दारात गेलो. तिच्याकडं पाठ होती. तो मेलेला किडा मी अंगणात टाकला आणि म्हणालो, "उडाला. पुण्याकडं गेला. येईन संघदीप."

तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हणालो. दुसरं काही मनात नव्हतं.

ती म्हणाली, "मंग मी अकोल्याले कायले जाऊ? पोरगं दोन वर्सानं येईन अन् घराले कुलूप दिसन."

मी किती सांगितलं. ती हटली नाही. सांगता आलं असतं मला, की किडा मेलेला होता. एवढे तीन शब्द. मी म्हणालो नाही. मुलाला फोनही केला नाही. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिचे ओठ निळे पडले तेव्हा गाडीत घातलं. अकोल्याच्या वाटेवर, मेडशीच्या पुढं ती गेली. संघदीप शनिवारी सकाळी पोचला. तेव्हा मला वाटलं, कोणी तरी त्याला रात्री कळवलं असेल.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं घरी आलो. दुपार झाली होती. तो खाली बसून बुटाची नाडी सोडत होता.

"संघदीप, तुले एक सांगायचं हाय," मी म्हणालो.

"सांगा ना."

मी सगळं सांगितलं. डबी, दार, काय म्हणालो ते, ती काय म्हणाली ते. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं. त्याची एक नाडी तशीच हातात राहिली.

"मले माहीत हाय," तो म्हणाला.

"कोणं सांगतलं?"

"आईनं. त्याच दिवशी फोन आला होता तिचा. तुमी गोठ्यात होते."

मला काही समजलं नाही. तो खाली बघून बोलत होता.

"हसत होती. दम लागून राह्यला होता तरी हसत होती. म्हणे, तुह्या बापानं आज मेलेला किडा पुण्याले उडवला. म्हणे, दोन वर्सानं तुह्यं नाव घेतलं त्यानं तोंडानं. आता तू ये. म्हणे, मी घर सोडून गेली तर हा माणूस पुन्हा दगड होईन."

मी म्हणालो, "म्हणजे तिनं पाहिलं होतं?"

"डबी तिच्याजवळच तर उघडली तुमी."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. तो उठला आणि उगाच त्यांना हाकलून आला. परत बसला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"मी इचारलं, तब्येत कशी हाय. म्हणे साधा ताप हाय, तू सुट्टी पाहून ये. मी म्हटलं शनिवारी येतो. बुधवार होता तो, बाबा. बुधवारीच निघता आलं असतं मले. पण मी मनात म्हटलं, दोन वर्स बोलले नाई, आता दोन दिवस वाट पाहू द्या त्यायले. तिले नाई, तुमाले."

मला त्याला म्हणता आलं असतं, तुझी चूक नाही. पण तोंडातून निघेना. त्यानंही मला तसं म्हटलं नाही. आम्ही दोघं बापलेक भिंतीला टेकून बसलो, मधे तिची बसायची जागा सोडून. त्या जागेवर कोणी बसत नाही. सवयच आहे ती.

मग मी म्हणालो, "कशी म्हणाली ती? पुन्हा सांग."

"काय?"

"फोनवर. तिच्यासारखं बोलून सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तिचा आवाज काढून, मधे मधे दम घेत, त्यानं पहिल्यापासून सांगितलं. मेलेला किडा म्हणताना तिच्यासारखाच हसला. मला हसू आलं आणि ते हसू मधेच फिसकटलं.

"पुन्हा सांग," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा सांगितलं.