डाव्या कानावरची रेघ

"चपला बाहेर काढता का, बाई? याला धूळ चालत नाही," वृषाली म्हणाली, आणि एलिझाबेथ भिंगारदिवे आपल्याच खोलीच्या उंबऱ्यावर थांबली.

खोली तिचीच होती. सावेडीतला डॉक्टर रसाळांचा दवाखाना उघडला तेव्हापासून ईईजी काढावा तो एलिझाबेथबाईंनी. पेशंटचं डोकं टेपने मोजायचं, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि प्रत्येक खुणेवर पेस्ट लावून टिकलीएवढी चांदीची वाटी बसवायची. वाटीला वायर, वायर मशीनला. मग मशीनच्या लेखण्या थरथरत कागदावर मेंदूच्या लहरी काढायच्या. हे सगळं ती पायात चपला घालून करत आली होती आणि कोणाच्याही मेंदूत त्यामुळे धूळ गेली नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत कॉम्प्युटर आला. त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, बाहेर पायरीवर नारळ फुटला, खिडकीत एसी बसला आणि चपला पायरीवर गेल्या. त्याच्याबरोबर वृषालीही आली. पोरगी इथल्याच जिल्ह्यातली, कर्जतची, पण पुण्यात इंजिनियर झालेली. पुण्या-मुंबईची असती तर एलिझाबेथने एक वेळ सोसलं असतं. कर्जतचं माणूस आपल्याला पाय पुसायला सांगतं, हे तिला फार लागलं.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम होता. पडद्यावर वरून पाहिलेलं डोकं दिसायचं आणि त्यावर वाट्यांच्या जागी ठिपके. ज्या दोन ठिपक्यांच्या लहरी सारख्या चालतात त्यांच्यात तो रेघ ओढायचा. जितकं सारखेपण, तितकी जाड रेघ. मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी बोलतो त्याचं हे जाळं आहे, असं वृषालीने समजावून सांगितलं होतं. डॉक्टर ते ऐकताना लहान मुलासारखे खुर्ची पुढे ओढत.

तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण एक गोष्ट बंद पडली. पूर्वी डॉक्टर कागदाची लांबच लांब पट्टी टेबलावर उलगडत, पाहून झालं की चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "काय म्हणता, बाई?" ती म्हणे, इथं पेशंट झोपला होता साहेब, किंवा इथं दात खात होता, ते झटक्याचं नाही. निदान अर्थात डॉक्टरांचंच असायचं. पण ते तो प्रश्न विचारत आणि त्या प्रश्नाच्या जोरावर एलिझाबेथ घरी जाऊन भाकरी थापायची, रविवारी चर्चमध्ये ताठ बसायची. आता डॉक्टर पडद्याकडे पाहत आणि प्रश्न वृषालीला विचारत.

एलिझाबेथला हेवा वाटत होता. दुसरा बरा शब्द तिने शोधून पाहिला. प्रार्थनेत तिने देवाला सांगूनही पाहिलं की हा कामाबद्दलचा कळवळा आहे. देवाला ते पटलं नसावं, कारण सोमवारी हेवा पुन्हा हजर असे.

"नव्याचं नऊ दिस असत्यात, बाई," बनुबाई म्हणायची. बनुबाई दवाखान्यातली आया. पेस्ट लावताना पेस्टची वाटी हातात धरून उभं राहणं हे तिचं काम. एलिझाबेथ न बघता हात मागे करायची आणि वाटी बरोबर बोटांखाली यायची. नऊ दिवस कधीच उलटून गेले होते, हे मात्र तिने बनुबाईला सांगितलं नाही.

छगन आला तो असाच एका दुपारी. कोल्हारकडचा, साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे चरकाकडे जाणाऱ्या पट्ट्यावर, ऊस ढकलायच्या कामाला. दोनदा कामावर झटका येऊन पडला होता. गव्हाणीत उसाऐवजी माणूस जायचा, म्हणून कारखान्याने त्याला घरी बसवून डॉक्टरांचा दाखला मागितला होता. सोबत बायको, भागिरथी. छगनच्या डोक्याला केसांचं रान होतं. एलिझाबेथ केस बाजूला करत वाट्या बसवत होती आणि तिचा कान काचेच्या पार्टिशनपलीकडे होता. तिथं डॉक्टर हसत होते. त्यांनी आपला डबा उघडला होता आणि पुरणपोळीचा अर्धा तुकडा वृषालीपुढे केला होता. इतक्या वर्षांत त्या डब्यात काय असतं हेसुद्धा एलिझाबेथला माहीत नव्हतं. तिचा हात मागे गेला, पेस्ट आली, बोटं आपोआप चालत राहिली.

आलेख झाल्यावर वायरी काढताना तिला दिसलं. डाव्या कानावरच्या दोन वाट्यांमधली पेस्ट वाहून एक झाली होती. असं झालं की दोन्ही वाट्या एकच लहर पाठवतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जुन्या मशीनवर तिथे सपाट रेघ आली असती आणि तिने जीभ चावून वाट्या पुन्हा लावल्या असत्या. आज तिने कापसाने पेस्ट पुसली आणि ती गप्प राहिली.

प्रिंटरमधून कागद आला. छगनच्या डोक्यावर डाव्या कानापाशी लाल, अंगठ्याएवढी जाड रेघ.

"इतकी वर्षं आपण कागद चाळले, बाई, पण हे आपल्याला दिसलंच नसतं," डॉक्टर म्हणाले. ते 'आपण' म्हणाले, पण पाहत होते वृषालीकडे. झटक्याचं मूळ इथेच दिसतंय, मुंबईला पाठवावं लागेल, तिथले सर्जन कदाचित डोकं उघडायचं म्हणतील, असं त्यांनी भागिरथीला समजावलं. तोवर कामाचं नाव काढायचं नाही. तो कागद ते पुढच्या आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत दाखवणार होते.

एलिझाबेथ मनात मांडे भाजू लागली. पुण्याचे बडे डॉक्टर ती रेघ पाहतील आणि हसतील. हे कसलं जाळं, ही तर पेस्टची राड आहे, म्हणतील. डॉक्टर परत येतील, त्या पोरीशी एक शब्द बोलणार नाहीत. पट्टी उलगडतील, चष्मा वर सरकवतील. हे तिने इतक्यांदा पाहिलं की तिला ते घडल्यासारखंच वाटू लागलं. मनातल्या या चित्रात छगन मात्र कुठेच नव्हता.

पुण्याला निघायच्या सकाळी डॉक्टरांची बॅग टेबलावर भरून ठेवली होती. तेवढ्यात छगन आणि भागिरथी दारात उभे राहिले. मुंबईची चिठ्ठी न्यायला आले होते. छगनने टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं.

"डोकं उघडायचं म्हन्ले ना, म्हून काढून आलो," तो ओशाळून म्हणाला. "तिथं गेल्यावर डाक्टरांचा खोळंबा नको."

कोणी हसलं नाही. केस गेल्यावर तो एकदम कोवळा दिसत होता. कानांमागची कातडी पांढरी होती, तिला कधी ऊन लागलंच नव्हतं. एलिझाबेथने पहिल्यांदा त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिलं.

भागिरथी डॉक्टरांना म्हणाली, "सायेब, खरंच उघडावं लागंल का? येकडाव या बाईंना इचारा की. यांनीच तारा लावल्यात. यांचा हात लागलाय त्याच्या डोक्याला."

डॉक्टर थोडे हसले. मग एलिझाबेथकडे वळले आणि सवयीने त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काय म्हणता, बाई?"

किती महिने ती याची वाट पाहत होती.

"रेघ खोटी आहे, साहेब," ती म्हणाली.

तिने मनात रंगवलेलं इथेच संपायचं आणि वृषालीचा चेहरा पडायचा. तो पडलाही. "मी प्रोग्रॅम दोनदा तपासलाय, सर," वृषाली म्हणाली. गप्प बसलं असतं तरी जमलं असतं. डॉक्टरांनी प्रोग्रॅमवर खापर फोडलं असतं आणि छगनही सुटला असता. एलिझाबेथने डॉक्टरांच्या उघड्या डोळ्यांकडे पाहिलं.

"तिच्या प्रोग्रॅमचं काही चुकलं नाही. पेस्ट वाहिली होती, माझ्या हातून. वायरी काढताना मला दिसलं होतं, आणि मी ते पुसून टाकलं."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. बॅगेतून कागद काढून त्यांनी टेबलावर पालथा ठेवला आणि छगनला म्हणाले, आत्ताच पुन्हा करू.

"करा की. डोकं तयारच हाय," छगन म्हणाला.

एलिझाबेथने आपल्या खोलीबाहेरच्या पायरीवर चपला काढल्या. टेप गळ्यात घातला.

"वृषाली, आज तुम्ही लावा," डॉक्टर म्हणाले.

टेप गळ्यातून काढून देताना तो एलिझाबेथच्या पदराच्या पिनेत अडकला. तिने तो सोडवून दिला. वृषालीने पुस्तकातलं चित्र समोर ठेवून खुणा केल्या. मग पेस्टसाठी तिने इकडेतिकडे पाहिलं. बनुबाई वाटी घेऊन पुढे होत होती, तिच्या हातातून एलिझाबेथने ती घेतली.

"द्या इकडं, बाई, ते माजं काम हाय," बनुबाई हळूच म्हणाली.

"असू दे."

डाव्या कानापाशी वृषालीचं बोट अडखळलं. तिने मान वर केली, पण विचारलं नाही. एलिझाबेथने आपलं बोट पदराला पुसलं आणि छगनच्या उघड्या डोक्यावर टेकवलं.

"इथं," ती म्हणाली. "आणि पेस्ट थोडीच घे."

मग ती पुन्हा मागे जाऊन उभी राहिली. वृषाली न बघता हात मागे करू लागली, आणि प्रत्येक वेळी एलिझाबेथ वाटी बरोबर तिच्या बोटांखाली धरत राहिली.