केशरबाईची बाटली

केशरबाईला मनकर्णेचं काहीच बघवत नव्हतं. तिचं हसणं बघवत नव्हतं, वेणीतला गजरा बघवत नव्हता, अन् आता तर कहरच झाला होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत धाकट्या जावेची पाळी चुकली! केशरबाईच्या लग्नाला बारा वर्षं झाली, नवससायास झाले, अंगारेधुपारे झाले, कूस काही उजवली नाही. अन् ही कालची पोर! केशरबाईच्या अंगाची नुसती आग आग होत होती.

केशरबाई श्रीरामपुरात एका दवाखान्यात आया होती. बाहत्तर साली तिथं मुंबईहून एक नवी तपासणी आली. पोटुशी बाईच्या अंगात एक रस वाढतो, तो लघवीत उतरतो. लॅबवाले गहिनीनाथ काळ्या काचेवर लघवीचा थेंब घेत, त्यात औषधाचा थेंब घालत, वर रबराच्या अगदी बारीक मण्यांचं दुधासारखं पाणी सोडत अन् काच डोलवत. दूध फाटून कण धरले, तर बाई मोकळी. दूध जसंच्या तसं राहिलं, तर दिवस गेलेले.

गहिनीनाथ पडले चिकित्सक. औषध नासलेलं नाही ना, हे बघायला शेजारी एका पक्क्या मोकळ्या बाईचीही लघवी लावायची त्यांची रीत. तिचं दूध फाटलंच पाहिजे. आणि ती पक्की मोकळी बाई कोण? आमची केशरबाई! गहिनीनाथांच्या मनात वाकडं काही नव्हतं हो, पण दर खेपेला हिच्या काळजात कळ उठायची.

त्या सकाळी सासू राहीबाई मनकर्णेला घेऊन आली. दोघी जावांच्या बाटल्या टेबलावर, खाली नावाच्या चिठ्ठ्या, अन् गहिनीनाथ हात धुवायला गेलेले. बयेनं चिठ्ठ्यांची अदलाबदल केली! आपल्या नावाचं काय होईल, हे जळत्या माणसाला कुठलं सुचायला? मनकर्णेचं ‘न्हाई’ तेवढं तिला ऐकायचं होतं.

काच डोलली. मनकर्णेच्या नावाचं दूध फाटलं. केशरबाईच्या नावाचं मात्र फाटेना. गहिनीनाथांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

“अहो केशरबाई!” ते ओरडलेच. “दिवस गेलेत की तुम्हाला!”

तिची पाळी मुळातच दोन-दोन महिने मागंपुढं व्हायची, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. राहीबाईनं धावत येऊन तिच्या तोंडावरून हात फिरवले अन् कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. “माजी लक्षुमी गं ती!” बारा वर्षांत त्या हातांनी केशरबाईला मायेनं कधी शिवलं नव्हतं. असंच राहावं, निदान आजचा दिवस तरी राहावं, असं तिला फार वाटलं.

मनकर्णेच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती हसून गळ्यात पडली. “लई बरं झालं, जाऊबाई. आदी तुमचंच व्हायला पायजे हुतं.” केशरबाईला त्या चांगुलपणाचाही राग आला.

“चल गं घरी,” राहीबाई मनकर्णेला म्हणाली. “तुजी पाळीच आडलीया, दुसरं काय न्हाई. गाजराच्या बियांचा कडक काढा देते, म्हंजी मोकळी हुशील.”

 असले काढे पिऊन गर्भ पडलेल्या बाया केशरबाईनं याच दवाखान्यात पाहिल्या होत्या, त्यांच्या खालची फरशी तिनंच पुसली होती. गप्प राहिलं तर घरात कुणाचंच मूल नाही. खोटं कशाला सांगा, घटकाभर तेही तिला बरं वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली.

“आत्याबाई, काढा देऊ नगा,” ती म्हणाली. “चिठ्ठ्या म्या बदलल्या. दिस तिला गेल्यात. मला काय न्हाई.”

 आता मनकर्णा झिंज्या धरील, शिव्या घालील, म्हणून केशरबाई मान खाली घालून उभी राहिली. चार थपडा खायची तिची तयारी होती.  मनकर्णेनं मात्र पदर ओढून पोट झाकून घेतलं अन् ती सासूच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.