माळ्यावरून उतरताना

"अवो, खाली या ना! भाकर निवून राह्यली," झुंबरबाईने शेतातल्या राखणीच्या माळ्याखालून पुन्हा हाक मारली.

हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पाखरांचा थवा खुशाल उतरला होता आणि माळ्यावर गोफण फिरत नव्हती.

"अवो!"

"ओरडू नको," उत्तमरावांचा दबका आवाज आला. "कंबर धरली. उठता येत नाई मले."

कंबर साठीपासूनच दुखत होती. या वर्षी तोलही जाऊ लागला होता. सकाळी भिंत धरल्याशिवाय त्यांना मोरीपर्यंत जाता येत नव्हतं. "बाबा, आता माळ्यावर चढू नका," असं पंजाबराव म्हणाला, तेव्हा ते मुलाशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. आज तो कापसाची गाडी घेऊन नांदुऱ्याला गेला आणि हे मुकाट्याने शिडी चढले.

झुंबरबाईने शिडी घट्ट धरली. "पालथे व्हा. पाय खाली सोडा. मी धरतो."

उत्तमराव कण्हत वळले. एक पाय खाली आला, हवेतच चाचपडला. तिने हात उंचावून तो पायरीवर टेकवला. दुसरा पाय सोडताना मात्र कमरेतून कळ निघाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते एका बाजूला कलले. शिडीही कलली. झुंबरबाईने सगळं अंग तिच्यावर टाकलं.

"पडतो मी, झुंबर."

उभ्या संसारात त्यांनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

"भगवंतरावाले बलावतो," ती म्हणाली.

"नाई! मेलो तरी चालन. त्याचा हात मले लागला नाई पाहिजे."

शेजारच्या भगवंतरावांशी बांधावरून भांडण होतं. खटला नागपूरपर्यंत गेला होता. उत्तमराव जिंकले होते, पण तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं.

झुंबरबाईने नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता. तिने मान वळवली आणि जीव एकवटून ओरडली, "भगवंत भाऊजी! धावा हो!"

ज्वारी सळसळली. बांध ओलांडून भगवंतराव आले. वयाने तेही तेवढेच, पण अंगाने काटक. त्यांनी वर पाहिलं, पायातल्या वहाणा काढल्या. शिडी चढले आणि उत्तमरावांच्या पाठीला छाती लावून, दोन्ही बाजूंनी शिडी धरून उभे राहिले.

"आंग टाक माह्यावर."

"शिडी मोडन बे."

"मोडली तं दोघंबी पडू. पाय सोड."

एक पायरी. मग पुन्हा एक. मध्येच उत्तमराव अडले. कपाळ शिडीला टेकवून म्हणाले, "आंगात राम नाई राह्यला, भगवंता."

"माह्यात तरी कुठी हाये? सोड पाय."

पाय जमिनीला लागले, तेव्हा झुंबरबाई शिडीपाशीच मटकन खाली बसली. उत्तमराव उभे होते, पण जमीनच डोलत असल्यासारखं त्यांना वाटत होतं. भगवंतरावांनी त्यांना दंडाला धरलं होतं, ती पकड सैल केली.

"सोडू काय आता?"

उत्तमरावांची बोटं त्यांच्या खांद्यात रुतली.

"थांब जरासा," ते खाली बघत म्हणाले.

भगवंतराव थांबले.