कापलेली वायर

तीच गिटार पुन्हा वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा तारवाल्यांनी आधी गिटारकडे नाही, आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"पुन्हा मुकी झाली," म्हातारा वादक म्हणाला. "तुमच्याकडून नेली की चार दिवस बरी चालते, आणि कार्यक्रम तोंडावर आला की बंद. लोक विचारतात, कुणाकडे देता दुरुस्तीला? मी आपला तुमचं नाव सांगतो."

हे शेवटचं वाक्य तारवाल्यांना चांगलंच झोंबलं.

त्या इलेक्ट्रिक गिटारला दोन आवाज होते. एक तारांखालच्या चुंबकाच्या पिकअपचा, जाड आणि भरदार. दुसरा पिझोचा. ब्रिजवर तारा जिथे टेकतात, तिथे प्रत्येक तारेखाली तिची थरथर टिपणारा एक बारीक खडा बसवलेला. त्यातून लाकडी गिटारसारखा स्वच्छ आवाज यायचा. बिघडायचा तो नेहमी हाच.

वादक गेल्यावर तारवाल्यांनी मागचं झाकण काढलं आणि बायकोकडे तिरकं पाहिलं. बारीक सोल्डरिंग तिच्याकडे असायचं.

"माझ्याकडे काय बघताय? माझं सोल्डरिंग हत्तीने ओढलं तरी निघायचं नाही."

ते निघालं नव्हतंच. खड्यांपासून आत येणाऱ्या केसासारख्या वायर सोल्डरपाशी पक्क्या होत्या, पण त्यातल्या दोन मधेच तुटल्या होत्या. बायकोने भिंग धरून दोन्ही टोकं निरखली.

"ही तुटलेली नाही हो. ओढून तुटली असती तर टोक पिंजलं असतं. ही कापलीय."

झालं! तारवाल्यांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. पलीकडच्या रस्त्यावरचा दुकानदार? तो गिऱ्हाइकं पळवायला टपलेलाच. की वादकाचंच काही कपट? जेवताना त्यांनी वादकाची इतकी उणीदुणी काढली, की बायकोने शेवटी आमटीचं भांडं त्यांच्यापुढे आपटलं.

तिने नव्या वायर जोडल्या. झाकणाच्या स्क्रूवर तारवाल्यांनी तिच्या नेलपेंटचा थेंब सोडला. कुणी स्क्रू फिरवला तर लगेच कळेल.

गिटार न्यायला वादकाची लेक आली. तीही वडिलांसोबत स्टेजवर वाजवायची, एक पाऊल मागे उभी राहून.

"आता पक्की झाली का?" तिने विचारलं.

"एकदम पक्की."

तिचा चेहरा पडला. क्षणभरच, पण तारवाल्यांनी तो टिपला. असं आहे तर! बापाचं नाव मोठं, लेक त्याच्या सावलीत. बाप स्टेजवर तोंडघशी पडला की हिला पुढे यायला वाट मोकळी. संशय असा बसला की हलेना.

चार दिवसांनी गिटार पुन्हा मुकी होऊन परत आली, ती लेकीच्याच हातून. नेलपेंटचे टवके उडालेले. तारवाल्यांनी झाकण उघडलं आणि भिंग तिच्यापुढे सरकवलं.

"बघा आणि सांगा, हे कुणी केलं."

"मला काय माहीत?" ती म्हणाली, पण भिंगाला हात लावेना.

"मग तुमच्या वडिलांनाच विचारतो."

"नका!" ती एकदम खुर्चीवर बसली. "त्या आवाजात सगळं ऐकू येतं हो. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं आता ऐकत नाहीत. जाड आवाजात चूक झाकली जाते, स्वच्छ आवाजात उघडी पडते, म्हणून कापते. गेल्या वर्षी पुढच्या रांगेतली माणसं हसली. बाबांना वाटलं, कुणीतरी विनोद केला."

तारवाले ओशाळले, आणि मग चिडलेसुद्धा. "आणि माझं नाव खराब झालं त्याचं काय?"

"जरा थांबा तुम्ही," बायको म्हणाली. मग लेकीकडे वळून, "अगं, सांगायचं ना त्यांना."

"तुम्ही सांगितलं असतं तुमच्या वडिलांना?"

 बायकोने सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तारवाल्यांनी वादकाला बोलावलं. लेकही आली होती.  तारवाल्यांनी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, पिझोचा आवाज लावला आणि ती वादकाच्या मांडीवर दिली.

वादकाने एक जलद जागा घेतली. मधले दोन सूर सांडले. पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच अडखळला. त्याने ॲम्पकडे पाहिलं, ब्रिजकडे पाहिलं.

"वायर ठीक आहे?"

"ठीक आहे. आधी कुणीतरी कापत होतं," बायको म्हणाली.

"खडे?"

"सगळं ठीक आहे, काका."

मग तो आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिला. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"तू कापत होतीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"तोंड नव्हतं तुला? परक्याच्या कामाला मी नावं ठेवत फिरलो!" त्याचा आवाज चढला आणि तिथेच फाटला.  मग तो तारवाल्यांकडे वळून म्हणाला, "तुमच्याबद्दल मी गावभर बोललो."

"मीही तुमच्याबद्दल घरभर बोललोय. हिला विचारा."

वादक हसला नाही, पण खांदे जरा सैल पडले. त्याने गिटार लेकीपुढे धरली. "ती जलद जागा तू घे. संथ भाग माझा. आणि हा आवाज मी सोडणार नाही, कुणी हसलं तरी."

तिने डोळे पुसून गिटार घेतली आणि घाईघाईत वाजवायला लागली.

"सावकाश," वादक खेकसला. "पहिल्यापासून घे."

तिने पहिल्यापासून घेतली.