चाकावरची चार बोटं

तीन आठवडे माझ्या तोंडाला एकच चव होती. उन्हात तापलेल्या रबराची. चूळ भरून ती जात नव्हती, चहाने बुडत नव्हती. बायको म्हणाली, दात दाखवून या. दातांत काही नव्हतं. जे होतं ते हातांत होतं, आणि हातांची चव तोंडाला कशी लागते हे दाताच्या डॉक्टरला कुठून कळणार?

मी गाड्यांची चाकं सरळ करतो. पुढे काचेची शोरूम, तिथे गार हवा आणि फुलांचा फवारलेला वास. मागे आमचं वर्कशॉप, तिथे ग्रीस, ओली फरशी आणि गाड्या वर उचलणाऱ्या तीन लिफ्ट. मधल्या एका दारापलीकडे माणसांची भाषासुद्धा बदलते. इकडे मला सगळे रेघोबा म्हणतात. कारण बोल्ट मापात आवळून झाला की मी त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर पिवळ्या रंगाच्या पेनने एक रेघ ओढतो. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि चोरी कळते. अठरा वर्षं मी ही रेघ ओढत आलो. माझ्या सहीला बँकेत कुणी विचारत नाही, पण माझी रेघ दिसली की वर्कशॉपमधला माणूस तो बोल्ट पुन्हा तपासत नाही.

या वर्षी आमच्याकडे नवीन हायब्रिड गाडी आली. निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर, चालताना आवाज असा की मांजर गादीवरून जावं. तिचे दोन प्रकार. एक साधा, एक स्पोर्ट. इंजिन तेच, बॅटरी तीच. फरक सगळा पायाशी. साध्या गाडीची चाकं सतरा इंची आणि टायरची भिंत उंच. खड्डा आला की आधी रबर वाकतं, मग स्प्रिंग दबते, मग शॉक ॲब्सॉर्बर धक्का गिळतो, आणि उरलंसुरलं माणसापर्यंत पोचतं. स्पोर्टची चाकं एकोणीस इंची, टायर भाकरीसारखा चपटा, स्प्रिंग कडक आणि आखूड, सगळी गाडी बोटभर खाली बसलेली. वळणावर ती रस्ता सोडत नाही, हे खरं. पण रस्ताही तिला सोडत नाही. रस्त्यातला प्रत्येक खडा ती आतल्या माणसाला नावानिशी सांगते. ज्याची कंबर शाबूत आहे त्याने खुशाल घ्यावी, माझी ना नाही.

पण लोक ट्रायल घेऊन यायचे आणि कमरेवर हात ठेवून उतरायचे. लाल शिलाईच्या सीटवरून हात फिरवायचे, उसासा टाकायचे आणि निघून जायचे.

तेव्हा लोणीसाहेब मधल्या दारातून आत आले. विक्रीचे मुख्य. लोणी हे नाव आम्ही ठेवलेलं, कारण त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की अंग पुसावंसं वाटतं. माझ्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले, "रेघोबा, ट्रायलच्या गाडीचा स्वभाव जरा मऊ करू या."

"म्हणजे?"

"साध्या गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉक तिला घाला. चाकं मोठीच ठेवा, ती दिसतात. हवा जरा कमी ठेवा. विकायची गाडी नाही हो ही. नुसती दाखवायची."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दुपारी गाडी लिफ्टवर घेतली आणि चारही कोपरे बदलले. टायरमधली हवा छत्तीसवरून सव्वीसवर आणली. खडबडीत रस्त्यावर जोरात नेली तर रिम वाकेल इतकी कमी, पण ट्रायलचा रस्ता लोणीसाहेबांनी आधीच ठरवलेला, पोळपाटासारखा. काम झालं आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. पेन काढलं, एकेका बोल्टवर पिवळी रेघ ओढली. आठवी रेघ ओढताना लक्षात आलं, आपण काय करतोय. हात थांबला नाही. सवयीला लाज नसते. त्या संध्याकाळी घरी जाताना ती चव पहिल्यांदा लागली.

आता ताईचं सांगतो. माझी थोरली बहीण शिंपीण आहे. आई गेल्यावर मला तिने शिलाई मशीनच्या पायडलशेजारी बसवून वाढवलं. पाय चालायचे, सुई चालायची आणि तिच्या ओठांवर तिनेच रचलेलं काहीतरी चालायचं:

टाका टाका घालू किती, दोरा सरळ राहू दे
बंधुराया तुझं चाक, वाट सरळ जाऊ दे

मी चाकाच्या कामाला लागलो त्या वर्षी तिने दुसरी ओळ जोडली होती. चाळीस वर्षं वाकून शिवल्याने तिचा कणा कामातून गेला. गेल्या वर्षी डॉक्टरांनी पाठीत दोन स्क्रू बसवले. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी हॉस्पिटलात जायचं, आणि तिथला रस्ता असा की ठिगळांना ठिगळं लावलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. स्क्रू हलले तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर. म्हणून गाडी.

दाजींना लाल शिलाईची स्पोर्ट आवडली होती. मी त्यांना फोनवर सांगितलं, "दाजी, ती कडक आहे. ताईसाठी साधी घ्या."

"अरे, साधी म्हणजे टॅक्सीवाल्यांची, असं तुमचे साहेबच म्हणाले. आम्ही बसून बघतो ना."

ते बसायला आले त्या दिवशी मी दुसऱ्या गाडीखाली होतो. खालून मला फक्त पाय दिसले. दाजींचे पॉलिश केलेले बूट आणि ताईच्या रुंद, मऊ तळाच्या चपला, ऑपरेशननंतरच्या. मी बाहेर येईपर्यंत ट्रायल झाली होती. ताई गाडीतून उतरत होती, हळू, पण चेहऱ्यावर हसू.

"पाळण्यात घातल्यासारखं वाटलं रे," ती म्हणाली. मग सवयीने वाकली, चाक आणि वरची कमान यांच्यामधल्या फटीत बोटं घातली. कुणाचीही बाही दिसली की ती बोटं घालून बघते, तसंच. "चार बोटं. ढगळ शिवलीय."

दाजी माझ्याकडे बघून हसले. "काय रे कडकवाल्या? तुझी विद्या जुनी झाली."

लोणीसाहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता. जड नव्हता. मऊ, कोमट, किंचित ओला. "आमचे रेघोबा काळजी फार करतात," ते म्हणाले. मी तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं कोण जाणे, म्हणून मिटूनच ठेवलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी लाज होती: ही कुणाची करामत, असं ताईने विचारलं असतं तर?

"घेऊन टाकू," ताई दाजींना म्हणाली. "हा इथे आहे, मग आपल्याला काही बघायला नको."



त्यांची गाडी आली. नवीन गाडी मालकाच्या हाती देण्याआधी तपासायची असते, ते काम माझं. ट्रकवर हलू नये म्हणून स्प्रिंगांमध्ये बसवलेले रबरी ठोकळे काढले, टायरमध्ये मापात हवा भरली. या गाडीच्या स्प्रिंगा तिच्या स्वतःच्या होत्या, आखूड आणि ताठ. मग मी ती मागच्या गल्लीत नेली. तिथे गटाराच्या झाकणांची रांग आहे. पहिल्या झाकणाला माझे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला मानेतून कळ गेली. तिसऱ्याला मला ताईची पाठ दिसली, ब्लाउजच्या वरच्या काठातून डोकावणारा तो टाक्यांचा वण. गाडी थांबवली, दार उघडलं आणि गटाराच्या कडेला आंबट पाणी ओकलो.

तोंड पुसून तसाच लोणीसाहेबांकडे गेलो. ते काचेत बघून टाय नीट करत होते.

"साहेब, ही गाडी माझ्या बहिणीला देऊ नका. साधी द्या."

"अहो, त्यांनी बसून पसंत केली आहे."

"या गाडीत त्या बसल्याच नाहीत. बसल्या त्या माझ्या पापात."

"पाप कसलं?" ते हसले. "गाडी खोटी आहे का? कंपनीची आहे. ट्रायल थोडी मऊ, डिलिव्हरी थोडी कडक. लग्नात तरी काय असतं? एक काम करतो, ताईंना पाठीमागे ठेवायला गादी देतो. आमच्याकडून भेट."

गादी. स्क्रू बसवलेल्या पाठीला हा माणूस गादी देत होता. आणि बोलता बोलता त्याने माझ्या कॉलरवरचा धुळीचा कण इतक्या मायेने झटकला, की मला तो शर्ट अंगावर नकोसा झाला. सगळ्यात किळस याची आली, की त्याला अवघडल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. रोज अंघोळ करावी तसा तो हे करत होता. आणि मी? मी तर त्याचा साबण.

दुसऱ्या दिवशी अकराला ताई आणि दाजी आले. गाडी शोरूमच्या मध्यभागी, वर लाल कापड. आणखी दोन कुटुंबं नव्या गाड्या बघत फिरत होती. लोणीसाहेबांनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या. दाजींनी किल्ली घेतली. ताई मात्र चाकाशी वाकली. वाकताना तिला त्रास होतो, तरी वाकली. फटीत बोटं घातली, काढली, पुन्हा घातली.

"तीनच मावताहेत," ती म्हणाली.

"काय तीन?" दाजी.

"बोटं. त्या दिवशी चार होती. ही गाडी ती नाही."

लोणीसाहेब पुढे झाले. "ताई, नवीन गाडी सुरुवातीला जरा घट्टच असते. बूट नाही का, आधी चावतो, मग सैलावतो."

"बूट सैलावतो. आखूड शिवलेली बाही लांब होत नाही," ताई म्हणाली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मधल्या दारात उभा होतो, निम्मा गार हवेत, निम्मा ग्रीसच्या वासात. "तू सांग रे."

खांद्यावर हात पडायच्या आत मी म्हटलं, "आत ये, दाखवतो."

ट्रायलची गाडी मी लिफ्टवर घेतली. लोणीसाहेब दारातून म्हणत राहिले, "हा कौटुंबिक विषय आहे, नंतर बोलू." पण ती दोन कुटुंबंही मागोमाग आत आली होती. लोकांना गाडीचं पोट बघायला आवडतं. मी हातातल्या बॅटरीचा उजेड वर धरला.

"या स्प्रिंगा साध्या गाडीच्या. हे शॉकही. टायरात हवा कमी. तू ज्यात बसलीस ती स्पोर्ट नव्हती ताई. वरून पैलवान, आत कापूस. तुला मिळणार आहे ती खरी स्पोर्ट, आणि त्या रस्त्यावर ती तुझी पाठ मोडेल."

"आणि हे पिवळं काय?"

सगळ्यांच्या माना वर होत्या. प्रकाशात प्रत्येक बोल्टवर रेघ चमकत होती, सरळ, स्वच्छ, एकही तुटलेली नाही. इतकं नेटकं काम मी वर्षभरात केलं नसेल.

ती रेघ कुणाची, हे ताईला ठाऊक होतं. तिच्या मशीनच्या पायडलच्या बोल्टवरही मी एक ओढून ठेवली आहे. तरी तिने विचारलं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझी," मी म्हटलं. "मीच केलं. तू बसायच्या आधी."

दाजींनी किल्ली लोणीसाहेबांच्या हातावर ठेवली आणि आपला हात रुमालाने पुसला. बघ्यांपैकी एका बाईने नवऱ्याची बाही ओढली आणि ती दोघं बाहेर गेली. ताईने माझ्याकडे बघितलं, ते कसरीने खाल्लेलं रेशीम उलगडल्यावर बघतात तसं. रागाने नाही. राग परवडला असता.

"साधी आहे का इथे एखादी?" तिने विचारलं.

होती. पांढरी, मागे उभी, खरेदीदाराविना. लोणीसाहेबांना न विचारता मी तिची किल्ली घेतली, ताईला पुढे बसवलं, दाजींना मागे, आणि गुळगुळीत रस्ता सोडून मागच्या गल्लीत नेली. झाकणांची रांग आली. ताईने डोळे मिटले, दोन्ही हातांनी सीट धरली. एक झाकण, दुसरं, तिसरं. धक्के बसले, पण कुणीतरी आधी हातावर झेलून मग द्यावेत तसे. शेवटच्या झाकणानंतर तिने सीट सोडली.

"पाळणा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पण सोसेल."

दाजींनी मागून खाकरल्यासारखं केलं. "विद्या जुनी नाही झाली," ते खिडकीकडे बघत पुटपुटले, आणि लाल शिलाईबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

वर्कशॉपच्या दारात मी गाडी थांबवली. म्हटलं, "ही मी स्वतः तपासून देतो ताई. एकेक बोल्ट."

"तपास. मी इथे स्टूल टाकून बसते. माझ्यासमोर तपास."

दोन तास ती बसली, पाठीला भिंतीचा आधार घेऊन. लोणीसाहेब एकदा दारात आले, तिला बघून परत गेले. मला उद्या या म्हणाले नाहीत, येऊ नका असंही नाही. शेवटचा बोल्ट आवळला आणि माझा हात खिशाकडे गेला.

"थांब," ताई म्हणाली.

तिने हात पुढे केला. मी पेन दिलं. तिने ते दोन बोटांच्या चिमटीत धरलं, मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसं. पिशवीतून कापडाची चिंधी काढली, पेन तिच्यात गुंडाळलं, गाठ मारली आणि पिशवीच्या तळाशी टाकलं.

"रेघ मारायची झाली," ती उठता उठता म्हणाली, "की घरी येऊन माग."

मी तिला हात द्यायला पुढे झालो. तिने भिंत धरली.