खिडकीजवळचा पॉइंट

"ताई, तुझं टेबल कुठं पायजे ते आत्ताच सांग. मागून म्हणशील उजेड येत न्हाई." टेपचं टोक भिंतीला लावून अंगद म्हणाला.

"खिडकीपाशी दे. अन् फोन डाव्या हाताला ठेव. उजव्यानं लिहावं लागतंय मला."

अंगदनं नकाशात खिडकीजवळ एक चौकोन काढला आणि आत 'ताई' असं लिहिलं. शालू ते पाहून हसली आणि कठड्याला धरून खाली गेली. खाली फोन वाजत होता.

जुन्या जालन्यातल्या या बियाण्यांच्या ठोक दुकानाचं ऑफिस आता वरच्या मजल्यावर जाणार होतं. खालची सगळी जागा गोदामाला. राधेश्याम शेठचा मुलगा सुमित पुण्याहून शिकून आला होता. त्याला टेबलं, प्रिंटर आणि गोदामातले कॅमेरे सगळे एका नेटवर्कवर हवे होते. वायरिंगची आखणी अंगदकडे आली ती बहिणीच्या शब्दामुळे. शालू लग्नाच्या आधीपासून इथं फोनवर ऑर्डरी घ्यायची. गावोगावच्या दुकानदारांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण पिंपळगाव रेणुकाईचे भागवतराव "शालूबाई हायेत का?" असं विचारल्याशिवाय पुढचं बोलत नसत. कुणी वाणाचं नाव विसरला तर तीच आठवण करून द्यायची, मागच्या साली काय नेलं होतं तेही सांगायची. नवऱ्याचं गॅरेज बंद पडल्यापासून घराला आधार तिच्याच नोकरीचा होता.

दुपारी सुमित वर आला. नकाशावरून बोट फिरवता फिरवता तो थांबला.

"हा खिडकीजवळचा पॉइंट काढून टाका, अंगदभाऊ. तिथं पाण्याचं मशीन येणार आहे."

"मंग ताई कुठं बसंल?"

सुमितनं दार लोटून घेतलं. "दुकानदार आता मोबाइलवरूनच ऑर्डर टाकणार. काही अडलं तर फोन पुण्याला लागेल. बियाण्याच्या कंपनीनंच तसं केलंय सगळीकडं."

"ताईला ठाऊक हाय का?"

"पप्पांना सांगवेना. रोज म्हणतात, उद्या सांगतो. मलाही जमेना." त्यानं अंगदकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा ना. घरचे आहात तुम्ही."

"एक पॉइंट जास्तीचा टाकतो भाऊ. त्याचा खर्चा माझ्याकडं. कोपऱ्यात बसंल ती."

"बसून करतील काय?" सुमितनं हे इतक्या हळू आवाजात विचारलं, की अंगदला रागही धरता येईना.

काम सोडून द्यावं असं त्याला वाटलं. पण सोडलं तर दुसरा कुणी येईल, आणि त्याच्याही नकाशात खिडकीजवळ मशीनच असेल. त्यानं खोडरबर घेतलं. चौकोन पुसला गेला. 'ताई' मात्र नीट पुसलं जाईना. पेन्सिल दाबून लिहिलेलं होतं.

संध्याकाळी त्यानं शालूला गाडीवर मागं बसवलं. वाटेतल्या मामा चौकात सांगू, असं त्यानं ठरवलं. चौक आला, गेला. शालूचं मागून चाललंच होतं. खिडकीला पडदा लागेल, दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर येईल, घरात पिवळ्या साडीचा चांगला तुकडा आहे. अंगद "हां, हां" करत राहिला. तिच्या दारात गाडी थांबवली, तेव्हा ती म्हणाली, "च्या घेऊन जा की." तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी तो शिडीवर चढून भिंतीत भोकं पाडत असताना शालू वर आली. तिच्या हातात तो पिवळा तुकडा होता. भिंतीवर पेन्सिलीनं जागोजागी नावं लिहिलेली होती. ती वाचत वाचत शालू खिडकीपाशी पोचली. तिथं 'नळ' असं लिहिलं होतं.

"इथं नळ काहून रे?"

अंगदनं ड्रिल बंद केलं. शिडीवरून उतरावं हेही त्याला सुचलं नाही. तिनं पुन्हा एकदा सगळ्या भिंती पाहिल्या. तिचं नाव कुठंच नव्हतं.

"तुला कधी कळलं?"

"काल. दुपारी."

"म्हंजे काल मी पडद्याचं बोलून राह्यले, अन् तू ऐकून राह्यला?"

 खाली फोन वाजला. शालू कठडा धरून उतरली, आणि क्षणभरानं तिचा आवाज वर आला, नेहमीसारखाच. "बोला भागवतराव. न्हाई, न्हाई, ते वाण तुमच्या जमिनीला बराबर न्हाई."

जेवणानंतर गोदामाच्या कॅमेऱ्याची वायर पाइपात अडकली. अंगद खालून ओढत होता, पण वरून सोडणारं कुणी नव्हतं. त्यानं हाक मारली नव्हती. तरी शालू आपणहून वर गेली, वायरचं भेंडोळं मांडीवर घेऊन भिंतीशी बसली.

"ओढ," ती वरून म्हणाली. "जल्दी करू नको. आतून सोलंल."

वायर सरकू लागली. अडली की ती थोडी मागं घ्यायची आणि पुन्हा सोडायची.

"ताई, टोक धरून ठेव. आत जाऊ देऊ नको," तो ओरडला. खालचं टोक त्यानं खिळ्याला बांधलं आणि वर आला.

शालू तशीच बसून होती. वायरचं टोक तिनं दोन वेढे देऊन मुठीत आवळलं होतं. बोटं पांढरी पडली होती.

"झालं, ताई. सोड आता."

"पक्कं बांधलं ना खाली?"

"हां."

मग तिनं एकेक बोट उघडलं.