ऐंशी किलो सहाशे

माझ्या लहान पितळी पट्टीवर शून्य आणि एक या आकड्यांच्या मध्ये नऊ रेघा आहेत. दोन रेघांमध्ये दोन मिलिमीटर अंतर आहे आणि या अंतराचा अर्थ शंभर ग्रॅम. यांतली सहावी रेघ बाकीच्यांपेक्षा पुसट आहे. सतरा वर्षे इंदूरचे लोक तिच्यावर बोट टेकवून वाद घालत आले, म्हणून ती पुसट झाली.

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. दवाखान्यात असतो तसा नाजूक नव्हे. माझे अंग बिडाचे आहे. खाली चौकोनी लोखंडी बैठक आहे, तिच्यावर माल ठेवायचा. मोठ्या दांडीवर दहा-दहा किलोंच्या खाचा आहेत आणि वरचे किलो आणि ग्रॅम लहान पट्टीवर वाचायचे. दांडीच्या टोकाला एक हूक आहे. त्या हुकावर टांगलेला एक ग्रॅम खालच्या शंभर ग्रॅमांना तोलून धरतो. हे प्रमाण नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातली मोठी चूक त्यातूनच घडली.

मी मिलमध्ये आलो तेव्हा शेर आणि मण जाऊन किलो नुकतेच आले होते. रुईच्या गोदामात माझी जागा होती आणि तिथले तोलणारे शंकरराव हे माझे धनी. कॉलेजात दोन वर्षे विज्ञान शिकून ते नोकरीला लागले होते. रोज सकाळी ते स्वतःच्या रुमालाने माझी दांडी पुसत, रिकामा असताना मी शून्य दाखवतो का ते पाहत आणि मगच रुईचा पहिला बोरा, म्हणजे पोते, चढवू देत. असा मान मिळाला की लोखंडालाही काम गोड लागते.

रुई तागाच्या बोऱ्यांतून यायची. रिकाम्या बोऱ्याचे वजन, म्हणजे बारदान, एक किलो चारशे ग्रॅम भरायचे आणि ते दरवेळी वजा करावे लागायचे. शंकररावांनी एक युक्ती केली. चौदा ग्रॅमांचा शिशाचा तुकडा तारेने माझ्या हुकाला बांधला. तेव्हापासून मी बारदान आपोआप सोडून देऊ लागलो आणि फक्त रुईचे वजन दाखवू लागलो. मॅनेजर साहेबांनी शंकररावांची पाठ थोपटली. मलाही वाटले, आपण हुशार झालो.

मिलच्या आवारात एक व्यायामशाळा होती. पहिली पाळी सुटली की तिच्या ओट्यावर बॉक्सिंगचे शौकीन जमत. विणकाम खात्यातला बंडू आणि सूत खात्यातला विजय हे त्यांतले पुढारी. अली मोठा की फ्रेझिअर मोठा यावर दोघांचे चहा थंड व्हायचे. पण खरा वाद घरचा होता. आमच्या मिलचा दौलतराव आणि शेजारच्या महू छावणीचा वाल्मिक, दोघेही हेवीवेट. दौलतराव सूत बांधणीच्या प्रेसवर कामाला होता. वाल्मिकचे आजोबा आणि वडील फौजेत होते, तो स्वतः फौजेतच बॉक्सिंग शिकला आणि परत येऊन महूच्या एका शाळेत कसरत शिकवू लागला. दोघांची गाठ कधी पडली नव्हती. १९७६ च्या जानेवारीत आमच्या मिलमध्ये जिल्ह्याच्या स्पर्धा ठरल्या आणि सगळ्या शहराने धरून ठेवले की आता ती गाठ पडणार.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी व्यायामशाळेचा काटा मोडला. चार हमालांनी मला गोदामातून उचलून आणले. घाई फार होती. हुकाचा तुकडा काढायचे आणि शून्य पाहायचे शंकररावांच्या ध्यानात राहिले नाही.

वजनाच्या सकाळी सगळेच एक किलो चारशेने हलके भरले, पण तक्रार कोण करणार? बॉक्सरला हलके भरणे आवडतेच. वाल्मिक आपल्या माहितीपेक्षा कमी भरला, तेव्हा तो म्हणाला, "आमच्या महूचा काटा जड असेल." मग दौलतराव माझ्यावर उभा राहिला. हेवीवेटसाठी एक्याऐंशी किलोंच्या वर असावे लागे. त्याचे खरे वजन ब्याऐंशी होते. मी दाखवले ऐंशी किलो सहाशे.

तो उतरला आणि पुन्हा चढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चढून त्याने विचारले, "शंकरराव, काटा बरोबर आहे ना?"

"मिलचा काटा आहे दौलत," शंकरराव म्हणाले. "चुकत नाही."

आठवड्यापूर्वी ताप येऊन गेला होता, त्यात उतरले असेल, अशी दौलतरावाने स्वतःची समजूत घातली आणि इतरांनाही तेच सांगितले. वजनाची वेळ संपत आली होती, म्हणून तो खालच्या गटात खेळला आणि जिंकला. वाल्मिक वरच्या गटात जिंकला. दोघे एकमेकांसमोर उभे राहिलेच नाहीत. त्याच संध्याकाळी विजयने ओट्यावर, भाऊला इंदुरी थाटात 'भिया' म्हणत, पहिला टोमणा मारला. "दौलत भियाने दोन दिवस पानी पीना बंद केलं होतं म्हणतात. महूचं नाव ऐकून वजन आपोआप उतरलं."

लोक हसले. दौलतरावही हसला. त्याला वाटले, दोन दिवसांत विसरतील.

गोदामाला दुसरा काटा मिळाला आणि मी व्यायामशाळेतच राहिलो. मे महिन्यात काट्यांची सरकारी तपासणी होती. आदल्या दुपारी शंकररावांनी माझ्यावर वीस किलोंचे शिक्क्याचे वजन ठेवले. मी अठरा किलो सहाशे दाखवले. त्यांनी तीनदा ठेवून पाहिले. मग त्यांची नजर हुकाकडे गेली. व्यायामशाळेत तेव्हा कोणीच नव्हते. त्यांनी पक्कडीने तार तोडली आणि तुकडा खिडकीबाहेर कचऱ्यात टाकला. पुढच्या जानेवारीत स्पर्धा होतीलच, तेव्हा दोघे लढतील आणि हा विषय मिटेल, असे त्यांनी ठरवले असावे.

पण दिवाळीच्या आधी सूत बांधणीच्या प्रेसमध्ये दौलतरावाचा उजवा पंजा सापडला. हात वाचला, मूठ मात्र पुन्हा वळली नाही.

त्यानंतर सांगण्यासारखे जे उरले ते सारे बोलणेच होते, आणि खरे सांगू, मित्रांनो, ते फार गोड होते. न झालेली लढत रोज संध्याकाळी माझ्या शेजारी व्हायची. बंडू दौलतरावाच्या बाजूने, विजय वाल्मिकच्या.

"वाल्मिकचा हात लंबा आहे," विजय म्हणायचा. "दौलत भिया जवळ जाणार कसे? बस पकडून?"

"अरे, आत घुसायला पाय लागतात पाय," बंडू म्हणायचा. "दौलत भियाचे पाय बघितले का तू? दुसऱ्या राउंडात तुझा वाल्मिक छत मोजत असता."

"मोजलं असतं रे. पण त्यासाठी समोर यावं लागतं ना भिया." असे म्हणून विजय माझ्या सहाव्या रेघेवर बोट ठेवायचा. "हे बघ. ऐंशी सहाशे. ये तो लिखा हुआ है."

दौलतराव ओट्याच्या कडेला बसून बिडी विझवायचा. आणि शंकरराव चष्मा पुसू लागायचे. तो चष्मा दिवसातून किती वेळा मळतो याचे कोणालाच कधी नवल वाटले नाही.

वर्षे गेली. अली निवृत्त झाला, टायसन आला. रंगीत टीव्ही आले, मग केबल आली, आणि मिलचे भोंगे एकेक करून बंद पडले. आमचा भोंगा १९९१ साली थांबला. लोक म्हणत, देशाचे दरवाजे उघडले. आमच्या फाटकाला मात्र साखळी लागली. गोदामात कबुतरे राहायला आली. माझ्या दांडीवर गंज चढला, बैठकीवर कोणी सायकलची ट्यूब टाकून गेले. शंकररावांचा रुमाल तेवढा यायचा, तोही आता आठवड्यातून एकदा.

बंडूने पोह्यांची गाडी लावली. विजय एका दुकानात कापड मोजू लागला. दौलतराव भंवरकुआंला एका हॉस्टेलचा चौकीदार झाला. तरी संध्याकाळी तिघेही मागच्या दाराने ओट्यावर यायचेच. टायसन आणि होलीफील्ड यांची ठरलेली लढत बरगडीच्या दुखण्याने पुढे ढकलली गेली, तेव्हा विजय म्हणाला, "बघा, यालाच म्हणतात दौलत भियाचा ताप."

त्याच सुमारास वाल्मिकने महूमध्ये मुलांसाठी बॉक्सिंगचा क्लब काढला. तो स्वतः दौलतरावाकडे आला. "पायांचं काम शिकवायला तुझ्यासारखा माणूस नाही," तो म्हणाला. "मूठ माझी आहे, डोकं तू दे. येतोस?"

"बघू," दौलतराव म्हणाला.

दीड वर्षात वाल्मिक चार वेळा आला आणि चारही वेळा त्याला हेच उत्तर मिळाले. एकदा ओट्यावर फक्त शंकरराव होते तेव्हा दौलतराव त्यांना म्हणाला, "रात्रभर हॉस्टेलचं फाटक उघडतो नि लावतो. मन तर महूला जायचं खूप आहे, शंकरराव. पण ज्याच्यापासून पळाला असं सारं इंदूर म्हणतं, त्याच्याच दारात कुठल्या तोंडाने जाऊ? तिथली पोरं विचारतील ना. आणि खरं सांगतो, आता मलाच वाटायला लागलंय की तेव्हा आतून घाबरलो असेन, म्हणून ते वजन उतरलं असेल."

शंकररावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

मित्रांनो, मला माणसाला एवढेच सांगावेसे वाटते. काहीही मोजण्याआधी आपले शून्य तपासा. वजन असो, ताप असो, नाहीतर दुसऱ्याची हिंमत. आणि चूक सापडली तर ती नुसती काढून टाकू नका, त्याच दिवशी बोलूनही टाका. मला तेल लागते, पुसणे लागते, पण त्याहून जास्त लागते ते खरे सांगणारे माणूस, कारण मला बोलता येत नाही. आता तुम्हाला सांगतो आहे ते तेव्हा सांगता आले असते तर एका माणसाची सतरा वर्षे वाचली असती.

१९९३ च्या मार्चमध्ये व्यायामशाळेची जागा रिकामी करायचा निरोप आला. कामगारांच्या कमिटीने ठरवले की सामान वाल्मिकच्या क्लबला द्यायचे. एका रविवारी दुपारी तो टेम्पो घेऊन आला. वाळूची पोती, दोर, फाटके ग्लव्हज, सगळे चढले. शेवटी मी उरलो.

"उचलायच्या आधी एकदा शेवटचं ठरवून टाकू," बंडू म्हणाला. "तब्येत चांगली असती, तर कोण?"

"पुन्हा तेच," विजय हसला. त्याचे बोट सवयीने सहाव्या रेघेवर आले. "अरे, जो माणूस काट्यावरच हरला—"

"विजय, बोट काढ," शंकरराव म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिले. शंकररावांचा आवाज इतक्या वर्षांत कोणी चढलेला ऐकला नव्हता. त्यांनी माझ्या दांडीवर हात ठेवला.

"दौलत, त्या दिवशी तुझं वजन ब्याऐंशी किलो होतं. बोऱ्याच्या बारदानासाठी मी हुकाला शिसं बांधलं होतं. काढायचं विसरलो. मे महिन्यात मला कळलं. आणि मी बोललो नाही."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केले.

"वो शिसा कहाँ है?" विजयने विचारले. "काही सबूत, काका?"

"कचऱ्यात टाकला. सबूत काही नाही."

मी तिथेच उभा होतो. एकमेव साक्षीदार, आणि मुका.

तेव्हा वाल्मिक टेम्पोच्या फळीवरून खाली उतरला. "सबूत कशाला पाहिजे? वजनाच्या आदल्या संध्याकाळी मी दौलतला सराफ्यातल्या खाण्याच्या गाड्यांवर बघितला. दोन प्लेट तळलेले गराडू खाऊन वर खव्याची मावाबाटी खात होता. वजन उतरवणारा माणूस मावाबाटी खातो काय? हा पळाला नव्हता, हे मला तेव्हाच माहीत होतं."

"मग इतकी वर्षं बोलले का नाही भिया?" बंडू म्हणाला.

"मला विचारलं कुणी? तुम्ही लोक रोज आमची लढत लावता. आम्हाला कधी विचारता का?"

दौलतराव हळूहळू शंकररावांसमोर येऊन उभा राहिला.

"मी तीन वेळा चढलो होतो, शंकरराव."

"हो."

"तिसऱ्यांदा तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"माझ्या नंदिनीला शाळेत पोरी म्हणायच्या, तुझा बाप घाबरला होता. घरी येऊन ती मला काही बोलायची नाही. नुसती माझ्याकडे बघायची."

शंकररावांनी मान खाली घातली नाही. माफीचा शब्द त्यांना सापडला नाही आणि दौलतरावाने तो मागितलाही नाही. त्याने आपला वाकडा उजवा पंजा शंकररावांच्या खांद्यावर ठेवला, क्षणभरच, आणि काढून घेतला.

विजयला गप्प राहवेना. "म्हणजे ब्याऐंशीचा दौलत भिया," तो स्वतःशीच हिशोब करत म्हणाला. "मग तर मामला बदलला. पहिल्या राउंडात जर—"

"बास, विजय," दौलतराव म्हणाला. "आम्ही लढलो नाही. कोण जिंकला असता ते मला माहीत नाही आणि याला पण नाही." मग तो वाल्मिककडे वळला. "तुझी पोरं सकाळी किती वाजता येतात?"

"साडेपाचला."

दौलतरावाने माझी एक बाजू धरली आणि वाल्मिकला दुसरी धरायची खूण केली; बंडू आणि विजयही हात लावायला पुढे आले.

"उद्यापासून मी येतो," तो म्हणाला.